वाघोलीतल्या सोसायटीच्या रस्त्याला कोणतं डांबर घालावं: व्हीजी-१०, ३० की ४०?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वाघोलीतल्या सोसायटीचा आतला रस्ता, साधारण ३०० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. जुनं डांबर जागोजागी उखडलंय. तीन कोटेशनं आलीत. एकानं व्हीजी-३० लिहिलंय (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, डांबराच्या चिकटपणावरची वर्गवारी), दुसऱ्यानं ‘८०/१००’, तिसऱ्यानं व्हीजी-४० आणि वर ‘हवं तर पॉलिमरवालं देतो’, म्हणजे पॉलिमर मिसळलेलं डांबर, असंही म्हणालाय. सगळ्यांत स्वस्त ८०/१०० वाला आहे आणि फरक लाखांत आहे. कमिटीतले एक काका म्हणतात, नंबर मोठा तेवढं डांबर भारी, तेव्हा ४० च घ्या.

ग्रेडपुरतं उत्तर आधीच देऊन टाकतो: व्हीजी-३० घ्या. पुण्याच्या हवेत अशा रस्त्याला त्यावर फार डोकं खाजवण्यासारखं काही नाही. मी रस्त्याच्या कामांवर मटेरियल आणि क्वालिटी कंट्रोल बघतो आणि ग्रेड चुकली म्हणून रस्ता गेला असं क्वचितच पाहिलंय. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे असं मला वाटतं: लाखांचा फरक येतो कुठून, आणि कागदावर लिहिलेलं जमिनीवर उतरतं की नाही हे कसं बघायचं?

आधी फरकाचा हिशेब करू. ३०० गुणिले ५ म्हणजे १५०० चौरस मीटर. त्यावर दाबून ३० मिलिमीटरचा थर म्हणजे ४५ घनमीटर माल. दाबलेल्या मालाचं वजन घनमीटरला २.३ ते २.४ टन धरलं तर साधारण १०५ टन हॉटमिक्स, म्हणजे खडी आणि डांबराचं गरम मिश्रण. त्यात डांबर साडेपाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सहा टनांच्याही आत. व्हीजी-१० आणि व्हीजी-३० यांच्या टनामागच्या भावातला फरक इतका किरकोळ असतो की सहा टनांवर तो लाखांत जाऊच शकत नाही. म्हणजे स्वस्त कोटेशनवाल्यानं दुसरीकडे कुठंतरी हात आखडलाय: थराच्या जाडीत, डांबराच्या टक्क्यात, खालची दुरुस्ती गाळून किंवा टॅककोट (जुना आणि नवा थर चिकटवणारी फवारणी) गाळून. त्याला हे चार आकडे विचारा. ‘कार्पेट आणि सीलकोट’ एवढंच लिहिलं असेल तर तो बहुधा २० मिलिमीटरचं उघड्या पोताचं, म्हणजे खडीत पोकळ्या राहणारं, कार्पेट देतोय. त्याची ३० मिलिमीटरच्या दाट थराशी तुलना करण्यात अर्थ नाही.

आता ग्रेडबद्दल थोडं खोलात जातो. काकांना समजवायला ते लागेलच.

८०/१०० ही जुनी पद्धत. २५ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या डांबरात १०० ग्रॅम भार असलेली सुई पाच सेकंद सोडायची आणि ती किती रुतली ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचं. ८०/१०० म्हणजे सुई ८ ते १० मिलिमीटर रुतली, ६०/७० म्हणजे ६ ते ७. इथं आकडा मोठा तितकं डांबर मऊ. अडचण एवढीच की रस्ता मे महिन्यात २५ अंशावर नसतो. पुण्यात हवा ३९-४० वर गेली की काळा पृष्ठभाग ६० च्या पुढे जातो. सुईच्या परीक्षेत सारखी निघालेली दोन डांबरं या उन्हात अगदी वेगळी वागू शकतात. म्हणून २००६ साली आयएस ७३ या डांबराच्या भारतीय मानकानं सुईवरची वर्गवारी सोडून चिकटपणावरची आणली. ६० अंशाला डांबर किती घट्ट वाहतं हे पॉइजमध्ये मोजायचं आणि त्यावरून नाव द्यायचं. व्हीजी-३० म्हणजे ३००० पॉइजच्या आसपास. सुईची परीक्षा आजही होते, पण ती जोडीला.

तेव्हा आज कोटेशनवर ८०/१०० लिहिणारा माणूस एक तर जुन्या सवयीचा आहे किंवा त्याचा नमुनाच जुना आहे. त्यामुळे तो लबाड ठरत नाही. ढोबळ मानानं ८०/१०० च्या जागी व्हीजी-१० आलं, ६०/७० च्या जागी व्हीजी-३० आणि ३०/४० च्या जागी व्हीजी-४०. त्याच्याकडून आजच्या मानकाप्रमाणे ग्रेड लिहून घ्या. तो व्हीजी-१० म्हणाला तर नको म्हणा. व्हीजी-१० थंड भागात चालतं, फवारणीच्या कामात आणि इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) बनवायला वापरतात. वाघोलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते मऊ पडेल आणि गाडी उभ्या जागी स्टिअरिंग फिरवेल तिथं खडी ओरबाडून निघेल.

मग व्हीजी-४० का नको? मानकात ६० अंशाच्या चिकटपणाच्या मर्यादा दिल्यात: व्हीजी-३० ला २४०० ते ३६०० पॉइज, व्हीजी-४० ला ३२०० ते ४८००. नीट बघा, दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात. ३४०० पॉइजचा नमुना या कसोटीवर दोन्हींत बसतो. तेव्हा ३० आणि ४० मध्ये काकांना वाटतं तेवढी दरी नाही. आयएस ७३ च्या २०१३ च्या आवृत्तीत ग्रेड निवडायला हवामानाचा आधारही दिलाय. सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी ३० च्या खाली असेल तिथं व्हीजी-१०, ३० ते ३८ ला व्हीजी-२०, ३८ ते ४५ ला व्हीजी-३० आणि ४५ च्या वर व्हीजी-४०. पुण्याचा उन्हाळा व्हीजी-३० च्या पट्ट्यात येतो. विदर्भात कडक उन्हाळ्यात चर्चा वेगळी झाली असती. पुण्यातही बीआरटीचा (बससाठी राखीव) मार्ग, बसथांबा, सिग्नलच्या अलीकडचा तुकडा, जिथं जड गाड्या रांगत जातात आणि ब्रेक मारून थांबतात, तिथं मी स्वतः व्हीजी-४० किंवा पॉलिमरवालं सुचवतो. तिथं चाकाच्या वाटेत चर पडण्याची भीती असते आणि घट्ट डांबर त्याला रोखतं.

सोसायटीच्या रस्त्याला हा आजारच होत नाही. दिवसभरात शे-दोनशे मोटारी आणि दुचाकी गेल्यानं चर पडत नाहीत. असा रस्ता मरतो तो म्हातारपणानं. ऊन आणि हवेनं डांबर वर्षागणिक सुकत, कडक होत जातं. रहदारी भरपूर असेल तर चाकं ते मळत राहतात आणि बारीक भेगा मिटतात. कमी वापराच्या रस्त्याला ते सुख नाही. हिंजवडीच्या बाजूला एका कंपनीच्या आवारात हौसेनं व्हीजी-४० चा पातळ थर घातलेला मी पाहिलाय. चाकाचा ओरखडा नाही, पण तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत सगळीकडे जाळीदार भेगा आणि पावसाळ्यात त्यातून पाणी खाली. मुळातच घट्ट डांबर, त्यात पातळ थर आणि खाली लवलवणारा पाया, म्हणजे भेगांना आमंत्रणच. काकांना सांगा, नंबर वाढला म्हणून दर्जा वाढत नाही. नंबर फक्त घट्टपणा सांगतो.

पॉलिमरवाल्याचं म्हणाल तर डांबर उत्तम असतं यात वाद नाही. पण ते जास्त तापमानावर हाताळावं लागतं, साठवलं तर ढवळत ठेवावं लागतं, नाहीतर पॉलिमर वेगळं होतं. तुमच्या १०५ टनांसाठी कोणी प्लँटवर वेगळी टाकी राखून ठेवणार नाही. तुम्हाला कोण्या मोठ्या कामातला उरलेला माल मिळाला तर मिळाला, नाहीतर नाव पॉलिमरचं आणि आत साधं डांबर. ते ओळखायला इलॅस्टिक रिकव्हरीची, म्हणजे ताणलेलं डांबर किती मागे येतं याची, परीक्षा करावी लागते. सोसायटीनं या फंदात पडू नये. कोणी टाकाऊ प्लास्टिक मिसळलेलं देतो म्हणाला तर मला हरकत नाही, ती पद्धत भारतात रुजलेली आहे: बारीक केलेलं प्लास्टिक गरम खडीवर टाकतात, ते वितळून खडीला लेप बसतो आणि मग डांबर. प्रमाण डांबराच्या ६ ते ८ टक्के, आणि पीव्हीसी अजिबात नको. प्लँटवाला हे नेहमी करत असेल तरच घ्या. तुमच्या कामावर त्याला पहिला प्रयोग करू देऊ नका.

इथवर ग्रेड झाली. आता ज्यानं रस्ता टिकतो किंवा जातो त्याकडे येऊ.

पहिलं म्हणजे तापमान. व्हीजी-३० साठी डांबर १५० ते १६५ अंशावर, खडी १५० ते १७० वर, मिश्रण १५० ते १६५ वर निघायला हवं. पसरताना किमान १४० आणि शेवटचं रोलिंग संपेपर्यंत ९० च्या खाली जाता कामा नये. प्लँटवर माल जास्त तापवला तर काय होतं? डांबर प्लँटवर तापून किती कडक होईल हे बघायला प्रयोगशाळेत १६३ अंशावर ८५ मिनिटं पातळ थरात फिरवून ठेवतात आणि पुन्हा चिकटपणा मोजतात. तो मूळच्या चौपटीपर्यंत वाढला तरी मानक त्याला पास करतं. म्हणजे ३००० पॉइजचं डांबर नियमात राहूनही १२००० होऊ शकतं. मग प्लँटवाल्यानं १९० वर जाळलं तर काय होत असेल! ३० आणि ४० चा वाद तुम्ही कमिटीत दोन रविवार घातलात आणि प्लँटवरच्या बर्नरनं तो अर्ध्या मिनिटात निकालात काढला. डंपरमधून निळसर धूर निघत असेल आणि माल कोरडा, चमक गेलेला, तपकिरी दिसत असेल तर तो परत पाठवा. उलट पांढरी वाफ म्हणजे खडी ओली होती.

दुसऱ्या टोकाला माल गार पडतो. ३० मिलिमीटरचा थर पातळ असतो. जानेवारीच्या सकाळी वारा असेल तर तो रोलरला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं देतो. तुमच्या नशिबानं वाघोली-लोणीकंदच्या बाजूला खडीच्या खाणी आणि प्लँट जवळ आहेत, पण नगर रस्त्याची कोंडी तुम्हाला मी सांगायला नको. डंपरवर ताडपत्री हवीच. सोसायट्या काम सकाळी सातला सुरू करा म्हणतात, मुलांच्या शाळेच्या बसच्या आधी. मी दहाला सुरू करायला सांगतो. जमीन तापलेली असते आणि दव सुकलेलं असतं. थर्मामीटर दांड्याचा आणा आणि मालात खुपसून बघा. बंदुकीसारखा इन्फ्रारेडवाला फक्त वरच्या कातडीचं तापमान सांगतो.

रोलिंग नीट झालं नाही तर थरात हवेच्या पोकळ्या राहतात. मिश्रणाचं डिझाइन ३ ते ५ टक्के पोकळी धरून करतात, प्रत्यक्षात थोडी जास्त राहते. ती साधारण ८ टक्क्यांच्या वर गेली की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आत शिरायला वाट मिळते. आणि पाणी आत शिरलं की डांबर खडीवरून सुटतं. आपल्याकडची काळ्या बसाल्टची खडी डांबराला बऱ्यापैकी धरते, ग्रॅनाइटपेक्षा चांगली. पण खडीवर क्रशरची भुकटी चिकटून आली असेल तर डांबर भुकटीला चिकटतं आणि खडी कोरीच राहते. प्लँटवर जाऊन खडीचा ढीग बघा, मूठभर हातात घेऊन चोळा. तळहात पिठासारखा पांढुरका झाला तर विचारा.

टॅककोटकडे कोणी बघत नाही, तुम्ही बघा. जुन्या डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम जलद सेट होणारं इमल्शन, म्हणजे आरएस-१, फवारायचं. पडतं तेव्हा ते चॉकलेटी दिसतं. पाणी सुटून काळं झालं की वर माल टाकायचा. चॉकलेटी असतानाच पेव्हर (माल पसरणारं यंत्र) पुढे सरकला तर दोन थरांच्या मधे पाणी अडकतं. आणि झाऱ्यानं इकडे तिकडे चार शिंतोडे मारणं म्हणजे टॅककोट नव्हे. त्याआधी रस्ता झाडून, हवा मारून स्वच्छ हवा. थर पोळीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो ना, ती नव्वद टक्के वेळा इथली कामचुकारी असते.

डिझेलकडेही लक्ष असू द्या. माल चिकटू नये म्हणून मजूर फावड्यांना, डंपरच्या हौद्याला आणि रोलरच्या चाकाला डिझेल फासतात. डिझेल डांबर विरघळवतं. महिनाभरानं रस्त्यावर ताटाएवढे मऊ डाग दिसतात, त्यातले बरेच त्याचेच. रोलरच्या चाकाला नुसतं पाणी पुरतं, तेही थोडं.

आता तुम्ही प्रश्नात न लिहिलेली पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट: टँकर. वाघोलीतली सोसायटी म्हणजे पाण्याचे टँकर येणारच. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे दहा टन पाणी आणि गाडीचं वजन वेगळं. तुमच्या रस्त्यावरचं सगळ्यांत जड वाहन तेच. तो रोज एकाच जागी वळतो, जमिनीखालच्या टाकीपाशी उभा राहतो, पाइप काढताना तिथंच पाणी सांडतो आणि थोडं ऑइलही गळतं. वजन, वळण, पाणी, तेल, चारही शत्रू दहा बाय पाच मीटरच्या तुकड्यात. तिथं व्हीजी-४० घाला नाहीतर पॉलिमर घाला, डांबर टिकणार नाही. तेवढा तुकडा काँक्रीटचा करा, पाण्याला चेंबरकडे उतार द्या आणि उरलेल्या रस्त्याला व्हीजी-३० घाला. तुमच्या बजेटमध्ये एकच गोष्ट वाढवायची असेल तर ही वाढवा.

पायाबद्दल मी इथून ठाम बोलू शकत नाही, ते तुमच्या जागेवर अवलंबून आहे. तुमच्या पट्ट्यात एका प्लॉटखाली मुरूम-कातळ लागतो तर शेजारी काळी माती. उखडलेल्या जागी एक-दोन ठिकाणी खणून बघा. जुन्या डांबराखाली खडी घट्ट बसलेली असेल आणि फक्त वरचा थर गेला असेल तर खड्डे चौकोनी कापून, भरून, वर ३० मिलिमीटर पुरे. खडीत चिखल वर आलेला दिसला, किंवा मगरीच्या पाठीसारख्या भेगा असतील आणि पाय दिला की लवतंय असं वाटलं, तर तेवढा भाग खालपासून काढून सोलिंग-खडी नव्यानं करावी लागेल. ते न करता वर नवा थर घातला तर एक पावसाळा निघेल, दुसरा नाही. पाणी तुंबत असेल तर आधी उतार आणि गटार. जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण पुण्यात प्रत्येक जण देतो. सत्तरच्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर केलेला तो रस्ता त्यानंतरही कितीतरी वर्षं खड्ड्यांशिवाय राहिला. ‘तेव्हाचं डांबर भारी होतं’ हे मला पटत नाही. पाण्याला जायला वाट होती आणि थर नीट दाबलेला होता, हे पटतं.

आता कोटेशनात काय लिहून घ्यायचं ते सांगतो. व्हीजी-३०, आयएस ७३ प्रमाणे, रिफायनरीच्या बिलाच्या आणि त्या बॅचच्या चाचणी दाखल्याच्या प्रतीसह. दाट मिश्रण, बीसी (बिटुमिनस काँक्रीट) ग्रेड-२, ज्यात डांबर मिश्रणाच्या वजनाच्या किमान ५.४ टक्के. थराची जाडी ३० मिलिमीटर, ‘दाबल्यानंतर’ हा शब्द हवाच. पसरताना ३० म्हणजे दाबल्यावर जेमतेम २४ उरतं. टॅककोटचं प्रमाण. प्रत्येक डंपरची वजनकाट्याची पावती. १०५ टनांच्या कामात ७० टनांच्याच पावत्या जमल्या तर माल कमी पडला हे तिथंच कळलं, बाकी काही तपासायची गरज नाही.

डांबराची टक्केवारी तपासायची असेल तर पेव्हरमागून चार-पाच किलो माल डब्यात घेऊन प्रयोगशाळेत द्या. डांबर विरघळवून खडी वेगळी करतात आणि टक्का सांगतात. पुण्यात हे करणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत, काही अभियांत्रिकी महाविद्यालयांतही होतं. अर्धा टक्का कमी निघाला तर तुमच्या कामात अर्धा टन डांबर वाचवलं गेलं असा अर्थ. ठेकेदारासमोर नमुना घ्या, दोघांच्या सह्या करा, एक डबा तुमच्याकडे राखून ठेवा. नमुना घेणार हे आधी सांगितलं की नमुना घ्यायची वेळ सहसा येत नाही, हा आपला अनुभव.

वेळेचं म्हणाल तर मेच्या अखेरीस घाईनं उरकू नका. वळवाचा पाऊस दुपारी चारला येतो आणि ताज्या टॅककोटची वाट लावतो. पाणी साचलेल्या पृष्ठभागावर किंवा पावसात काम नाहीच. दिवाळीनंतर ते मार्च हा काळ मला पसंत. त्यातही हा पावसाळा गेला नसेल तर एक फायदा आहे: मोठी सर पडून गेली की छत्री घेऊन चक्कर मारा आणि पाणी साचतं तिथं ऑइलपेंटनं गोल करून ठेवा. ठेकेदाराला उतार कुठं दुरुस्त करायचा हे त्या गोलांवरून दाखवता येतं.

काम झाल्यावर रस्ता पूर्ण गार होईपर्यंत मोटारी नकोत आणि टँकर तर २४ तास आत घेऊ नका. टाकी आदल्या संध्याकाळीच काठोकाठ भरून घ्या आणि पाणी जपून वापरायची सूचना लिफ्टमध्ये लावा.